त्वचेखाली बसवायचा ग्लुकोज सेन्सर: खर्च आणि सोय बघता घ्यावा का?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज स्वतःसाठी विचारतेय.

माझ्या नवऱ्याला टाईप १ मधुमेह होऊन ३१ वर्षं झाली. इन्सुलिन दिवसातून चार वेळा. गेली तीन वर्षं दंडावर चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर वापरतोय. त्याने आयुष्य सोपं केलं यात वादच नाही. पण दोन गोष्टी आता निभत नाहीत.

एक म्हणजे कातडी. चिकटपट्टीखाली लाल चट्टा उठतो, खाजतं, कधी पाणी सुटतं. दोन्ही दंडांवर आता नवी जागा शोधावी लागते. क्रीम, खाली लावायची फिल्म, सगळं करून झालं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. त्याला शुगर लो झाल्याचं कळेनासं झालंय. पूर्वी हात थरथरायचे, घाम यायचा, तो आपणहून उठायचा. आता काहीच जाणवत नाही. वर त्याला बारीक, उंच आवाज नीट ऐकू येत नाहीत, त्यामुळे फोनचा अलार्म त्याच्यासाठी असून नसल्यासारखा. गेल्या महिन्यात पावणेतीनला मला जाग आली ती अलार्मने. त्याच्या पाठीला हात लावला तर सदरा पिळून काढावा इतका ओला. फोन त्याच्या उशाशी वाजत होता आणि तो शांत पडून होता. बोटाला टोचून बघितलं, ४८. उठून बसवलं, गिळता येतंय ना ते आधी बघितलं, मग ग्लुकोजचं पाणी घोट घोट दिलं. पंधरा मिनिटांनी ७९ आली तेव्हा मी खाली बसले.

आता माझ्या कामाचं स्वरूप बदलतंय. दर महिन्याला दहा-बारा दिवस मला बाहेर राहावं लागणार आणि तो घरी एकटा असणार. म्हणून त्वचेखाली बसवतात त्या सेन्सरची चौकशी सुरू केली. वर्षभर चालतो म्हणतात, पण बसवायला नि काढायला डॉक्टर लागतो, आणि पैसे एकदम मोजावे लागतात. कोणी वापरलाय का? हिशोब नेमका कसा मांडायचा? जाहिरातीतली वाक्यं मला पाठ झाली आहेत, मला घरात वापरणाऱ्याचं ऐकायचंय.

निळीशाई

पहाटवारा, वाचून पोटात खड्डा पडला. अनुभव नाही, पण यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण सोय आणि गैरसोय दोन्ही त्यातूनच येतात.

सध्या या प्रकारात बाजारात आलेलं नाव एकच, एव्हरसेन्स. युरोपात २०१६ला मान्यता, अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेची २०१८ला. तेव्हा तो ९० दिवस चालायचा. २०२२ला अमेरिकेत १८० दिवसांचा ई३ आला आणि सप्टेंबर २०२४मध्ये ३६५ दिवसांच्या आवृत्तीला परवानगी मिळाली. तुलनेसाठी सांगतो, १९९९चा पहिला ग्लुकोज सेन्सर तीन दिवस चालायचा आणि त्यातले आकडे नंतर डॉक्टरच्या संगणकावर उतरवून घ्यावे लागायचे.

चिकटवायच्या सेन्सरची बारीक तार त्वचेत असते आणि तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. हे एन्झाइम काही दिवसांत थकतं. त्वचेखालच्या सेन्सरमध्ये एन्झाइम नाही. साधारण १८ मिलिमीटर लांब आणि साडेतीन मिलिमीटर जाड अशी कांडी, तिच्यात एक छोटा दिवा आणि बोरॉनवर आधारलेलं एक रसायन. त्या रसायनाला ग्लुकोज चिकटला की ते जास्त चमकतं, सुटला की कमी. ती चमक मोजून आकडा काढतात. कांडीत बॅटरी नसते. दंडावर वरून जो ट्रान्समीटर चिकटवता तोच तिला वीज पुरवतो, दर पाच मिनिटांनी आकडा घेतो आणि फोनला पाठवतो.

म्हणजे "आत बसवला की बाहेर काहीच नाही" असा समज असेल तर काढून टाका. ट्रान्समीटर बाहेर असतोच. तो काढला की तेवढा वेळ आकडे बंद. पण काढून परत लावता येतो, आतला सेन्सर वाया जात नाही. चिकटवायच्या सेन्सरचं तसं नाही, एकदा उपटला की गेला.

कोरांटी

मी वापरलाय, १८० दिवसांचा, लागोपाठ दोन वेळा. टाईप १, वय ४४. सगळं क्रमाने लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

बसवणं: दंडाच्या मागच्या बाहेरच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन. ते टोचताना चुरचुरतं, मग काही कळत नाही. छोटी चीर, कातडीखाली एका अवजाराने खिसा करतात आणि कांडी आत सरकवतात. मला टाका घालावा लागला नाही, वरून चिकटपट्ट्या लावल्या. आत जाऊन बाहेर यायला अर्धा तास, त्यात अर्धा वेळ तयारीचा. दोन दिवस दंड दुखला, एक निळा डाग आठवडाभर राहिला. पहिले २४ तास आकडे येत नाहीत, सेन्सर स्थिरावतो. त्यानंतर बोटाला टोचून चार आकडे द्यायचे, मग गाडी सुरू.

रोजचं: हे कोणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर. ट्रान्समीटर रोज काढायचा, चार्ज करायचा, मागे नवी चिकटपट्टी लावायची आणि परत नेमका त्याच जागी बसवायचा. मी आंघोळीच्या वेळी करायचे. कपडे काढले की ट्रान्समीटर चार्जरवर, अंग पुसून केस विंचरेपर्यंत तो तयार. बसवताना फोनवर सिग्नल किती येतोय ते दिसतं, तो पूर्ण येईपर्यंत मिलिमीटर मिलिमीटर सरकवायचा. पहिल्या आठवड्यात मला पाच मिनिटं लागायची, नंतर बोटांनाच ती जागा कळायला लागली, आरशात न बघता बसायचा.

पहाटवारा, चिकटपट्टीबद्दल तुमच्यासाठी: ती सिलिकॉनची, सौम्य आणि रोज बदलायची असते. चौदा दिवस एकाच जागी दाबून ठेवणारा गोंद आणि ही पट्टी यांत फार फरक आहे. माझीही कातडी नाजूक आहे, मला चट्टा उठला नाही. पण तुमच्या नवऱ्याला काय सोसेल ते लावूनच कळेल. आधी नुसती पट्टी चार दिवस लावून बघायला मागा.

बोटाला टोचणं: सुटका नाही. ई३ला पहिले २१ दिवस रोज दोनदा, पुढे रोज एकदा आकडा द्यावा लागतो. वर्षाच्या आवृत्तीत पहिले साधारण दोन आठवडे रोज एकदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, हे खूप सुधारलंय.

आणि ज्यासाठी मी तो घेतला ते: ट्रान्समीटर दंडावरच थरथरतो. फोन दुसऱ्या खोलीत असो, बंद पडलेला असो, दंडावर कंप येतोच. लो आणि हाय यांचे ठोके वेगळे, दोन दिवसांत अंगाला ओळखू येतात. मी वर्गात शिकवते, फोन बॅगेत असतो. फळ्यावर लिहिता लिहिता दंडावर लोचे ठोके आले की खिशातली गोळी तोंडात. मुलांना पत्ताही लागत नाही.

आता काढणं. पहिला सेन्सर दहा मिनिटांत निघाला. दुसरा वेगळ्या दवाखान्यात काढला, कारण माझ्या पहिल्या डॉक्टर दुसरीकडे गेल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांनी याआधी फार थोडे काढले होते. कांडी हाताला लागेना. चाळीस मिनिटं मी कुशीवर पडून होते, दुसऱ्यांदा भूल दिली, शेवटी चीर बंद करून मला परत पाठवलं. आठवड्याने दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी लावून काढला, पाच मिनिटांत. व्रण थोडा मोठा राहिलाय. त्या फेरीचे पैसे मलाच भरावे लागले. म्हणून कळकळीने सांगते, कोण बसवणार यापेक्षा कोण काढणार हे आधी विचारा.

जमाखर्च

कोरांटीताई, शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा आहे. माझा आकडेमोडीचा भाग लिहितो. मी स्वतः टाईप २, इन्सुलिनवर, आणि खर्चाचा विचार करून थांबलेला माणूस आहे.

किमती जागोजागी वेगळ्या आणि विम्यावर अवलंबून, म्हणून रक्कम लिहितच नाही. तुम्ही आज वापरता त्या १४ दिवसांच्या सेन्सरची किंमत म्हणजे "एक माप" धरा. वर्षाला २६ मापं लागतात. दहा दिवसांचा वापरत असाल तर ३६-३७.

आता त्वचेखालच्या सेन्सरच्या वर्षाचा *सगळा* खर्च एका कागदावर मांडा: सेन्सर, ट्रान्समीटर, बसवण्याची फी, काढण्याची फी, रोजच्या चिकटपट्ट्या, कॅलिब्रेशनला, म्हणजे बोटाचा आकडा सेन्सरला द्यायला, लागणाऱ्या ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप. या बेरजेला एका मापाने भागा. समजा उत्तर २० आलं. वीस गुणिले चौदा, २८०. म्हणजे सेन्सर २८० दिवस टिकला तर तुमची बरोबरी झाली. त्यापुढचा प्रत्येक दिवस फायद्याचा, आणि २५०व्या दिवशी बंद पडला तर तोटा. उत्तर २६च्या वर आलं तर पैशाच्या बाजूने विषय संपला, मग फक्त इतर कारणांसाठी घ्यायचा.

लोक इथेच चुकतात. ते सेन्सरच्या किमतीला ३६५ने भागतात आणि खुश होतात. फी धरत नाहीत, आणि तो पूर्ण मुदत चालेल असं गृहीत धरतात. सगळे चालत नाहीत. पहिल्या ९० दिवसांच्या आवृत्तीची अमेरिकेत ९० जणांवर चाचणी झाली, तिच्यात ९१ टक्के सेन्सर ९० दिवसांपर्यंत टिकले. आकडा चांगला आहे, पण उरलेल्या नऊ टक्क्यांत आपण असलो तर आपल्यासाठी तो शंभर टक्केच असतो.

चिकटवायचा सेन्सर पाचव्या दिवशी मेला तर नऊ दिवस बुडाले, आणि बहुतेक वेळा फोन केला की बदलून मिळतो. त्वचेखालचा मेला तर महिने बुडतात. कंपनीने सेन्सर बदलून दिला तरी डॉक्टरची फी कंपनी देईल का? काढण्याची एक आणि नवा बसवण्याची एक. हे लेखी घ्या.

स्ट्रिपचंही सांगतो. ई३च्या पद्धतीने २१ दिवस दोन-दोन म्हणजे ४२, पुढचे १५९ दिवस रोज एक, मिळून २०१, तेही एका सेन्सरला. वर्षाला ४०० धरा. वर्षाच्या आवृत्तीत साठ-सत्तरमध्ये भागतं. हा फरक किरकोळ नाही.

पिंपळपान

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, टाईप १. तिला बसवता येईल का? दर दहा दिवसांनी सेन्सर लावताना ती रडते, वर्षातून एकदाच असेल तर किती बरं होईल.

औषधपेटी

पिंपळपान, नाही. त्याची मान्यता १८ वर्षं आणि त्यावरच्यांसाठीच आहे. आणि रोज ट्रान्समीटर काढून लावणं, वर्षाकाठी एक छोटी शस्त्रक्रिया, हे नऊ वर्षांच्या मुलीला आत्ताच्या त्रासापेक्षा जड जाईल. लावण्याआधी त्वचा बधिर करणारं क्रीम वापरता येतं का ते तिच्या डॉक्टरांना विचारा. आणि जागा तिला निवडू द्या. आज उजवा दंड की डावा, हे तिने ठरवलं की रडणं बरंच कमी होतं, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. मी डॉक्टर आहे, पण हा सल्ला तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही.

लो झाल्याचं न कळणं हे अनेक वर्षांच्या टाईप १मध्ये होतं. शुगर खाली गेली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, त्यानेच घाम, थरथर, धडधड होते. वारंवार लो होत राहिलं की ही घंटा वाजण्याची पातळी खाली खाली सरकते. पण ती बऱ्याच अंशी परत वर येऊ शकते. काही आठवडे काटेकोरपणे लो टाळले तर अनेकांना लक्षणं पुन्हा जाणवू लागतात. म्हणून सेन्सर कुठलाही असो, आधी रात्रीच्या इन्सुलिनचा डोस तपासून घ्या, आणि रात्रीचा अलार्म ७०वर न ठेवता ८५च्या आसपास ठेवायचा का ते विचारा. ४८ला मेंदूच मंदावलेला असतो, तेव्हा कितीही मोठा अलार्म उशिराचाच.

अचूकतेसाठी जास्त पैसे मोजू नका. सरासरी चूक मोजायचं एमएआरडी नावाचं माप आहे, जितकं कमी तितकं चांगलं. एव्हरसेन्स ३६५चं ८.८ टक्के, चिकटवायच्या सेन्सरपैकी लिब्रे ३चं ७.९, डेक्सकॉम जी७चं मोठ्या माणसांच्या दंडावर ८.२. रोजच्या वापरात यांत निवडण्यासारखं काही नाही. हे सगळेच रक्तातली नाही, पेशींमधल्या द्रवातली शुगर मोजतात, त्यामुळे ती वेगाने चढत-उतरत असताना पाच-दहा मिनिटं मागे असतात.

काही गोष्टी विसरू नका. कांडीला स्टेरॉइडचं, डेक्सामेथासोनचं वलय असतं, आतली सूज कमी राहावी म्हणून. ज्यांना ते चालत नाही त्यांनी हा सेन्सर घ्यायचा नाही. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं चालू असतील तर आकडा खोटा कमी येऊ शकतो, शिरेतून मॅनिटॉल दिलं तर खोटा जास्त. एमआरआयच्या आधी ट्रान्समीटर काढायचाच. आणि पुढेमागे इन्सुलिन पंप घ्यायचा विचार असेल तर हा सेन्सर फार थोड्या पंपांशी जोडला जातो, डेक्सकॉम किंवा लिब्रेचं तसं नाही. निर्णय फिरवणारा मुद्दा आहे हा.

संथवाट

मी टाईप २, फक्त गोळ्यांवर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी) ६.८. मला घ्यावा का? वर्षभर चालतो म्हणून मन झालंय.

जमाखर्च

संथवाट, आपुलकीने सांगतो, नको. तुमची शुगर अचानक लो होण्याची शक्यता फारशी नाही, आणि ६.८ छान आहे. कुतूहल असेल तर वर्षातून एकदा १४ दिवसांचा चिकटवायचा लावा, कशाने चढते ते कळेल, तेवढं पुरतं. दंड कापून घ्यायला सबळ कारण हवं. तरी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी लो होऊ शकतं.

दगडीचाळण

मी वेगळं मत मांडतो. पहाटवाराताई, घेऊ नका, निदान इतक्यात नाही.

तुमची अडचण सेन्सरची नाही, अलार्मची आहे. आत्ताच्या सेन्सरने अलार्म वाजवला ना? त्याने त्याचं काम केलं. तो आवाज माणसापर्यंत पोचला नाही. मग शस्त्रक्रिया कशाला? मनगटावर थरथरणारं घड्याळ घ्या, फोनचा अलार्म त्याच्यावर येतो. किंवा उशीखाली ठेवायचं थरथरतं यंत्र, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मिळतं. आणि तुम्ही दूर असताना त्याचे आकडे तुमच्या फोनवर दिसतील अशी सोय बहुतेक सेन्सरमध्ये आहे. याचा खर्च त्या सेन्सरच्या तुलनेत काहीच नाही, आणि नाही जमलं तर घड्याळ काढून ठेवता येतं. दंडातली कांडी तशी काढून ठेवता येत नाही.

चट्ट्यांचा प्रश्न खरा आहे हे मान्य. पण त्यासाठी वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या गोंदाचा सेन्सर बघितलात का?

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोघांनी मिळून सगळे प्रतिसाद वाचले.

दगडीचाळण, तुमचं म्हणणं मला पटलं आणि टोचलंही. टोचलं ते एवढ्यासाठी की मी दूर असताना आकडे माझ्या फोनवर दिसले तर मी काय करणार? फोन करणार, जो त्याला ऐकू येत नाही. शेजाऱ्यांना उठवणार, ते मी करीनच, एक किल्ली त्यांच्याकडे आहे. पण तो स्वतः उठला पाहिजे. तरी घड्याळाचं म्हणणं बरोबर आहे, आधी ते करून बघायला हवं. दुसऱ्या कंपनीचे दोन सेन्सर लावून झालेत, चट्टे तसेच.

जमाखर्च, तुमच्या पद्धतीने कागद मांडला. आमचं उत्तर २३ मापं आलं, म्हणजे ३२२ दिवस. जेमतेम. पैशासाठी म्हणून घ्यावा असं काही त्यात दिसत नाही. आणखी एक, गेल्या वर्षी २६पैकी पाच सेन्सर मुदतीआधी गेले, चार बदलून मिळाले, तरी त्या पाच वेळा मध्ये एक-एक रात्र बिनसेन्सरची गेली. त्या रात्री मी दर दोन तासांनी उठले. त्याची किंमत कागदावर कशी लिहायची ते मला कळलं नाही.

कोरांटी

पहाटवारा, एक सुचवते. घड्याळ मनगटावर नको, दंडावर बांधा, जिथे ट्रान्समीटर बसेल तिथे, मऊ पट्ट्याने. आणि रात्री कधीही, त्याला न सांगता, दुसऱ्या खोलीतून अलार्म पाठवा. दंडावरच्या कंपाने तो उठतो की नाही, या एका गोष्टीवर तुमचा सगळा खर्च उभा आहे. नाही उठला तर माझा ट्रान्समीटरही त्याला उठवणार नाही, आणि मग पैसे वाचले.

औषधपेटी

उत्तम कल्पना. फक्त एक ध्यानात ठेवा, नेहमीच्या झोपेतून उठणं आणि लोमध्ये उठणं सारखं नाही. म्हणूनच अलार्मची पातळी वर ठेवायची, शुगर उतरायला लागल्यावर लगेच, पुरती उतरल्यावर नव्हे. उतरण्याचा अंदाज घेऊन आधी सूचना देणारा अलार्म असेल तर तोही चालू ठेवा.

पहाटवारा

दहा दिवसांनी लिहितेय. दहा रात्री प्रयोग केला.

घड्याळ भावाकडून मागून आणलं, जुन्या क्रेप बँडेजच्या तुकड्याने दंडाला बांधलं. मी रोज वेगळ्या वेळी, कधी एकला, कधी साडेचारला, बैठकीच्या खोलीतून सूचना पाठवायची. त्याला जाग आली की त्याने दिवा लावायचा, असं ठरलं. दाराखालच्या फटीत उजेड दिसेपर्यंत मी घड्याळाकडे बघत बसायची.

आठ रात्री कंप पोचला. आठपैकी सात रात्री दिवा लागला, बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत. एकदा नाही उठला, तेव्हा तो त्याच दंडावर वळून झोपला होता, घड्याळ गादीत दबलं होतं. दुसरा कंप पाठवला तेव्हा उठला.

उरलेल्या दोन रात्री कंप पोचलाच नाही. एकदा फोनने रात्रीतून ॲप आपोआप बंद केलं होतं, एकदा फोन आणि घड्याळ यांची जोडणी तुटली होती. दोन्ही वेळा सकाळपर्यंत कोणाला काही कळलं नाही. सगळं नीट लावून, चार्ज करून ठेवलेलं असताना. दगडीचाळण, तुमचा रस्ता आम्ही मनापासून तपासला. पण सेन्सरकडून फोनला, फोनकडून घड्याळाला, आणि घड्याळाकडून दंडाला, या साखळीत दहातल्या दोन रात्री कडी निसटली. मी घरी नसताना मला ती कडीच नको आहे.

दगडीचाळण

ताई, माझं मत बदललं. दोन रात्रींचा आकडा मला अपेक्षित नव्हता. मी दिवसा वापरतो, दिवसा जोडणी तुटली की लगेच दिसते, म्हणून लक्षात आलं नव्हतं. घ्या. पण कोरांटीताईंच्या चाळीस मिनिटांची आठवण ठेवून घ्या.

जमाखर्च

मग दवाखान्याला हे विचारा, आणि उत्तर ई-मेलवर मागा, तोंडी नको. तुमच्या हातून आजवर किती *काढले*? पहिल्या प्रयत्नात निघाला नाही तर दुसऱ्या फेरीची फी कोण भरणार? सोनोग्राफी जवळ आहे का? मुदतीआधी बंद पडला तर नवा कोणाच्या खर्चाने, आणि फी? डॉक्टर बदलून गेले तर त्यांच्या जागी कोण? ट्रान्समीटरची हमी किती महिन्यांची? बिघडला तर दुसरा यायला किती दिवस लागतात? तेवढे दिवस कांडी आत असून आंधळी असेल. त्या दिवसांसाठी एक चिकटवायचा सेन्सर घरात ठेवाच.

पहाटवारा

जमाखर्च, जसंच्या तसं पाठवलं.

पहिल्या दवाखान्याने "काळजी करू नका" एवढंच उत्तर दिलं, तो सोडला. दुसऱ्याने प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर लिहिलं. काढण्याचं काम एकाच डॉक्टरांच्या हातून होतं, सोनोग्राफी त्याच मजल्यावर आहे, दुसऱ्या फेरीची फी ते घेत नाहीत. सेन्सर लवकर बंद पडला तर बसवण्याची फी मात्र आम्हाला परत भरावी लागेल, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यामुळे आमचा हिशोब २३वरून २४-२५कडे सरकला. माहीत असून घेतोय.

त्याच्या डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन दोन युनिटने कमी केलंय आणि अलार्म ८५वर ठेवायला सांगितलाय. गेल्या दोन आठवड्यांत रात्री एकदाच ७०च्या खाली गेला, ६६. आणि काल दुपारी ७२ असताना तो स्वतःहून म्हणाला, "हात जरा हलका वाटतोय." कित्येक महिन्यांनी हे वाक्य ऐकलं. औषधपेटी, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलं.

चिकटपट्टी नुसती सहा दिवस लावून बघितली, चट्टा नाही. पंप घ्यायचा विचार नाही, तो म्हणतो सुया बऱ्या. पुढच्या गुरुवारी सकाळी बसवणार.

कोरांटी, एक शेवटचं विचारायचं राहिलं. तो डाव्या कुशीवर झोपतो आणि लिहितो उजव्या हाताने. कुठल्या दंडात बसवू?

कोरांटी

उजव्या. प्रयोगात एकदा गादीत दबून कंप कळला नव्हता, तो कुठला दंड होता ते आठवतंय का? डावा असेल तर प्रश्नच मिटला. लिहिण्याला अडचण येत नाही, मी फळ्यावर त्याच हाताने लिहिते. दोन दिवस जड पिशवी मात्र उचलू देऊ नका.

पहाटवारा

डावाच होता. उजवा सांगते.